एकशे तेरावा वॉल्व्ह

"देवराम काका, पाणी जातंय कुठे?"

चेतन सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा पप्पा सिंधीपुऱ्याच्या दरवाजासमोर रस्त्यावर पोटावर झोपले होते आणि त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत खड्ड्यात होता. मी स्कूटीवर. मागे दापोऱ्याहून आलेला केळीचा ट्रक, हॉर्नवर हॉर्न.

"कुठं जाईल सर," पप्पा खड्ड्यातूनच म्हणाले. "लोकांच्या पोटात."

"मी मजाक नाही करत. टाकीतून निघालेलं आणि नळांना पोचलेलं, दोन्हीकडे मीटर लावलेत मी. या लाइनवर रोज वीस मिनिटांचं पाणी गायब होतं. रोज, त्याच वेळी. लीकेज असतं तर सारखं गळलं असतं ना?"

ट्रकवाल्यानं पुन्हा हॉर्न दाबला.

"ओ भय्या, केले कच्चेच हैं तुम्हारे," मी ओरडले. "पकने को टाइम है. रुको!"

"तिपू, तोंड," पप्पा म्हणाले. त्यांनी हात बाहेर काढला, कोपरापर्यंत काळा गाळ. मग चावी लावली. चावी म्हणजे किल्ली नव्हे. पप्पांच्या छातीइतकी उंच लोखंडी सळई, वर धरायला आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. ते तोंड वॉल्व्हवर बसवायचं आणि दोन्ही हातांनी फिरवायचं. "मोज."

मी मोजलं. चौदा फेरे. खाली पाइपात पाणी धावायला लागलं की रस्त्यालासुद्धा कळतं, पायाखाली बारीक थरथर येते. ती आली. तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "आया रे आया!" आणि बादल्यांचा आवाज सुरू झाला.

हे काम पप्पा अडतीस वर्षं करताहेत. बुऱ्हाणपूरला पाणी सोडायचं. शनिवारी रिटायर. रविवारी गावाला पाणी नसतं, आणि सोमवारपासून वॉल्व्ह माणूस फिरवणार नाही, ऑफिसातला कॉम्प्युटर फिरवणार. त्यासाठी कंपनीनं चेतन सरांना पाठवलंय. इंदोरचे मराठी, वय सव्वीस-सत्तावीस, बूट नेहमी स्वच्छ. पप्पांनी एकेक वॉल्व्ह दाखवायचा, सरांनी टॅबलेटवर फोटो काढायचा, मागून येणाऱ्या पोरांनी मोटर बसवायची. कागदावर एकशे बारा वॉल्व्ह. पप्पांनी एकशे बारा दाखवले. हा शेवटचा.

"झाले सगळे?" सरांनी विचारलं.

पप्पांनी चावी फडक्यानं पुसली. "कागदावरचे झाले," म्हणाले.

सरांनी ते ऐकलं नाही. मी ऐकलं.

*

मागच्या वर्षी पप्पांचा गुडघा गेला, सायकल सुटली. शाळेशी माझं तसंही पटत नव्हतं, बाईंशी तर मुळीच नाही, म्हणून घरी बसले होते. आई म्हणाली, बसून भांडतेस त्यापेक्षा फिरून भांड. तेव्हापासून सकाळी पाच ते दहा मी पप्पांची ड्रायव्हर. चावी स्कूटीला ट्यूबच्या रबरानं आडवी बांधायची. गल्लीत वळताना दोनदा लोकांच्या कपड्यांची दोरी ओढून आणलीय, एकदा कपड्यांसकट.

पहिल्या आठवड्यात कंटाळले. गाव कसलं, पॉवरलूमची खटखट, धूळ, आणि टूरिस्ट लोक किल्ल्यापुढे सेल्फी काढणार. मग हळूहळू कळलं, की मी ज्या गावात राहते ते पप्पांच्या गावाच्या फक्त वरचा मजला आहे.

खालचं गाव त्यांना पाठ. "इथं बिडाचा पाइप," परकोटाच्या आत शिरताना सांगायचे. "माझ्या आज्याच्या टायमाचा. हातोडा मारला तर घंटीसारखा वाजतो." दरवाजाच्या बाहेर पडलो की सिमेंटचा पाइप: फाळणीनंतर सिंधी लोक आले, रिकाम्या हातानं आले, त्यांच्यासाठी टाकलेला. पुढे पांढरा प्लास्टिकचा: लूम वाढले, उत्तरेकडून विणकर आले, महाराष्ट्रातून मास्तर नि कारकून आले, तेव्हाच्या कॉलन्या. आणि एकदम बाहेर, जिथं पूर्वी केळीच होती, तिथं निळा पाइप. तिथल्या घरांना अजून नावाच्या पाट्यासुद्धा लागल्या नाहीत. शहर कधी कुठं वाढलं ते इतिहासाच्या पुस्तकात मला कधी समजलं नाही. पाइपाच्या रंगावरून मात्र कुणीही सांगेल.

फायलीत प्रत्येक मोहल्ल्याचा एकच टाइम लिहिलेला. पप्पांच्या डोक्यात वेगळीच फाइल. रमजानात काही मोहल्ल्यांना सेहरीच्या आधी. गुरुद्वाऱ्यात लंगर असला की दोन फेरे जास्त. बोहरी लोकांच्या दर्ग्यावर बाहेरगावची गर्दी आली की तिकडे अर्धा तास. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पुरणाचे मांडे करतात त्या गल्ल्यांना आदल्या संध्याकाळी, कारण बायकांची तयारी सकाळपर्यंत थांबत नाही. कुणाचं लग्न, कुणाची मयत, सगळं चावीवर. मयतीच्या घरी पाणी आधी. ते घर कुणाचं हे त्यांनी कधी विचारलेलं मी पाहिलं नाही.

मी लहान असताना मला कुंडी भंडाऱ्यावर घेऊन गेले होते. डोंगरातलं पाणी जमिनीखालून बोगद्यानं गावापर्यंत आणलेलं, चारशे वर्षांपूर्वी, ना पंप, ना वॉल्व्ह. पाळण्यासारख्या लिफ्टनं खाली उतरलो. मी घाबरून रडत होते. पप्पांनी चपला काढून हातात घेतल्या होत्या.

"देऊळ आहे का?" मी विचारलं होतं.

"नाही," म्हणाले. "पण ज्यांनी खोदलं त्याइची नावं कोणाले माहीत नाहीत. मंग चपला काढा, अजून काय करणार?"

*

सिंधीपुऱ्याचं पाणी सोडलं की पप्पा कडूच्या टपरीवर चहा पितात. टपरी बर्डीच्या पायथ्याशी. बर्डी म्हणजे उंचवटा, त्यावर दाटीनं घरं. खाली पूर्वी कापडाची एक गिरणी होती, मी जन्मायच्या आधीच बंद पडली. गिरणीचे कामगार वर राहायचे, ते तिथंच राहिले. मग लूमवाले आले, केळी भरणाऱ्या बाया आल्या, कागद कारखान्यातून रिटायर झालेली दोन-चार जळगावकडची घरं आली. एकूण एकशे चाळीस घरं.

चहा यायच्या आत पप्पा म्हणतात, "आलो लघवी करून," आणि टपरीमागे जातात. चावी घेऊन.

आता मला सांगा, आठ किलोचं लोखंड घेऊन लघवीला कोण जातं? मला हे पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. वीस मिनिटांनी चहा झाला की पुन्हा जातात. तेव्हाही चावी घेऊन. मी वर्षभर बोलले नाही. मी बोलले नाही असं माझ्या आयुष्यात हे एकदाच.

त्या दिवशी, चेतन सर पुढे निघून गेल्यावर, मी मागून गेले. टपरीमागे एक फरशी बाजूला सरकवलेली. खाली खड्डा. पप्पा चावी फिरवताना ओठातल्या ओठात मोजत होते.

"...सात. साडेसात."

"वीस मिनिटांचं पाणी," मी म्हणाले.

ते दचकले नाहीत. फक्त म्हणाले, "तुले आता दिसलं का?"

"मला वर्षभरापासून दिसतंय. हे काय आहे?"

"गिरणीचा वाल. वरच्या कामगाराइच्या नळाले इथूनच पाणी." चावीच्या दांड्यावर हनुवटी टेकून ते उभे राहिले. "बावीस वर्षं झाली. गिरणी बंद पडली तशी वरून ऑर्डर आली, लाइन बंद करा, वाल पुरून टाका. मी पुरला. फरशी टाकली. रजिस्टरमधी लिहिलं, बंद. निघालो, तर एक बाई हंडा घेऊन नळापाशी उभी. नवीनच आलेली असन, तिले काही माहीतच नाही. मले म्हणे, भाऊ, आज नाही आलं, उद्या येईन ना?"

"मग?"

"मी म्हटलं, येईन."

"बस? म्हणून बावीस वर्षं?"

"बोलून बसलो ना पोरी," पप्पा म्हणाले.

बर्डीवरून नळांची फुरफुर ऐकू आली. वरच्या लोकांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं नळ आहे म्हणजे पाणी येणारच. बिल येत नाही, पण पाण्याचं बिल का आलं नाही म्हणून तक्रार करणारा बुऱ्हाणपुरात अजून जन्मायचाय.

"सोमवारी काय?" मी विचारलं.

त्यांनी चावीचा दांडा फडक्यानं पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. म्हणजे त्यांनाही हाच प्रश्न होता. सोमवारपासून हा वॉल्व्ह कुणी खोलणार नाही. उघडा ठेवून दिला तर दिवसभर पाणी जाणार, सर दोन तासांत शोधून काढणार आणि लाइन कापणार. दाखवला तर पप्पांनी बावीस वर्षं रजिस्टरमध्ये खोटं लिहिल्याचं उघड. रिटायर व्हायला दोन दिवस.

"सोपं आहे," मी म्हणाले. "दाखवू नका. मी येत जाईन रोज. चावी मला द्या. साडेसात फेरे, वीस मिनिटं, येतं मला."

"सर मीटर बघून राहिले ना."

"बघू देत! पकडून दाखव म्हणावं."

पप्पा हसले. मग हनुवटीनं बर्डी दाखवली.

"आणि तुझ्यानंतर?" म्हणाले.

मला राग आला. खूप. मी फरशीला लाथ मारली.

"लोकाइले चोरीचं पाणी पाजलं मी बावीस वर्षं," ते म्हणाले. "त्याइचा गुन्हा नाही, माझा आहे. जाताना तो त्याइच्या गळ्यात कशाले बांधू?"

*

शुक्रवारी त्यांनी स्वतः सरांना फोन केला. "सर, एक वाल राह्यला."

सर आले तेव्हा असीरगडाच्या बाजूनं गार वारा सुटला होता, कडू टपरीच्या ताडपत्रीला दगड बांधत होता. पप्पांनी फरशी सरकवली. सर खाली वाकले, मग टॅबलेट बघितला, मग पुन्हा खाली.

"हा नकाशात नाही."

"नाही."

"काका, रजिस्टरमध्ये ही लाइन बंद आहे. बावीस वर्षं."

"रोज लिवलंय. सही माझीच आहे सगळीकडे."

सरांचा चेहरा पांढरा पडला. कमाल आहे, चोरी पप्पांची आणि घाबरले हे. "तुम्हाला कळतंय का, उद्या तुमचा शेवटचा दिवस आहे. मी हे वर पाठवलं तर... तुम्ही मला दाखवलंत कशाला? मी फार तर मीटर खराब आहे असं लिहिलं असतं."

"मंग सोमवारी याइले पाणी कोणी दिलं असतं?"

पप्पांनी चावी लावली. पण फिरवली नाही. दांडा सरांच्या हातात दिला. "फिरवा."

सर जोर लावत होते, बूट घसरत होते, मी मोजत होते. चारला त्यांना घाम आला. सातला मी म्हणाले, "अजून अर्धा." वर नळांनी आधी हवा सोडली, शीळ वाजल्यासारखी, आणि मग पाणी.

"चला," पप्पा म्हणाले.

आम्ही बर्डी चढलो. सार्वजनिक नळ एकच, बाकी घरांतून नळ्या. शमीमखालांनी सरांना बघून पदर सारखा केला. "नये साब हैं क्या? साब, प्रेशर थोडा बढ़ाओ, उप्पर के घर तक नई आता."

आणि लीलाबाई. वय साठ, कमरेला खोचलेलं लुगडं, भरलेला हंडा. त्यांनी सरळ पप्पांनाच धरलं.

"काय हो भाऊ, रोज उशीर! साऱ्या गावाले पाजून मंग आमचा नंबर. आम्ही काय ढोरं आहोत का? माझी सून सातच्या बसनं कामाले जाते. पाच मिनिटं आधी सोडलं तर तुमचं काय खर्च होतं?"

माझ्या डोक्यात भडका उडाला. तोंड उघडणार, तेवढ्यात पप्पांनी माझं मनगट धरलं.

"बरोबर आहे बाई," ते म्हणाले. "होतो उशीर."

त्या बडबडत गेल्या. पप्पा माझ्या कानाशी वाकले. "हीच ती. उद्या येईन ना म्हणणारी."

"आणि त्यांना तुम्ही आठवत पण नाही!"

"तिले पाण्याशी काम आहे, माझ्याशी थोडंच?"

सर नळाजवळच्या दगडावर बसले होते. टॅबलेट मांडीवर. "इथं दोनच पर्याय आहेत," हळू आवाजात म्हणाले. "चालू, बंद. 'अनधिकृत' लिहायचं तर वेगळा रिपोर्ट करावा लागतो, आणि मग उद्याच कापतात."

"मंग बघा ना सर," पप्पा म्हणाले, "चालू आहे का बंद?"

समोर हंड्यांची रांग होती. एक बारकी पोर नळाखाली डोकं धरून उभी होती आणि तिची आई तिला धपाटे घालत होती.

सरांनी 'चालू' दाबलं. मग थांबले. "खाली ऑपरेटरचं नाव येतं. सगळ्या एकशे बाराला तुमचंच आलंय. इथं रिकामं सोडता येईल."

"रिकामं कशाले? टाका."

एकशे तेरा. देवराम. मी वाकून बघितलं. नकाशात हिरवा ठिपका आला, इतर ठिपक्यांसारखाच.

"एकदा नकाशात आलं की कापायला मीटिंग लागते," सर म्हणाले. "एकशे चाळीस घरं म्हणजे मीटिंग पण मोठी लागेल. तोवर मी यांचे नळ कायम करण्याचे अर्ज भरून घेतो." मग पप्पांकडे न बघता म्हणाले, "पण तुमचं मला वाचवता येणार नाही काका."

"माझं ऱ्हाऊ द्या," पप्पा म्हणाले. "प्रेशर तेवढं बघा. उप्परच्या घराले येत नाही."

*

शनिवारी ऑफिसात खुर्च्या मांडल्या होत्या, शाल आणि नारळ आणला होता. आई नवी साडी नेसून आली होती. अकरा वाजता साहेबांनी पप्पांना आत बोलावलं, साडेअकराला ते एक कागद घेऊन बाहेर आले. बावीस वर्षांचा खुलासा, पंधरा दिवसांत. तोवर कार्यक्रम नाही, पेन्शनची फाइलही पुढे नाही. शाल कपाटात गेली. नारळ कुणीतरी देवापुढे ठेवून दिला.

पप्पांनी स्टोअरमध्ये चावी जमा केली. स्टोअरवाला म्हणाला, "भाऊ, आता ही कोण घेणार, घरी घेऊन जा." पप्पा म्हणाले, "सरकारी आहे."

आई रिक्षानं घरी गेली. आम्ही बर्डीला. आठ किलोनं हलकी झालेली स्कूटी अशी पळत होती की मला ब्रेक सांभाळायला लागत होता.

सरांकडे जादा आणलेल्या चार मोटरी होत्या, त्यातली एक त्यांनी खड्ड्यात बसवली होती. बूट चिखलानं भरले होते.

"काका, किती टक्के उघडायचा?"

"टक्के मले नाही समजत. साडेसात फेरे."

सरांनी हिशोब केला. "आणि टाइम? तुम्ही सहा चाळीसला खोलता."

पप्पांनी वर नळाकडे बघितलं.

"सहा पस्तीस टाका," म्हणाले.

*

सोमवारी साडेचारला त्यांना जाग आलीच. पाचला आंघोळ करून, भांग पाडून दारात उभे.

"कुठे?" मी विचारलं.

"चहा प्यायले."

कडूनं काही न विचारता दोन कटिंग ठेवले. आम्ही बाकावर बसलो. सहा तीस. सहा बत्तीस. पप्पा घड्याळाकडे बघत नव्हते, पण त्यांचा पाय जमिनीवर सपाट टेकलेला होता, चपलेतून बाहेर काढून. थरथर आधी पायाला कळते.

सहा पस्तीसला टपरीमागे काहीतरी गुरगुरलं. मिक्सरसारखा बारीक आवाज. पप्पांनी ग्लास धरला आणि बाकावर तो हळूच फिरवायला लागले. एक. दोन. ओठ हलत होते.

वर नळांनी शीळ घातली.

लीलाबाई हंडा घेऊन घरातून धावत निघाल्या, पाणी बघून मध्येच थांबल्या. मग शमीमखालांना हाक मारून म्हणाल्या, एवढ्या मोठ्यानं की खाली टपरीपर्यंत आलं:

"पाह्य वं! पाच मिनिटं आधी! नवा माणूस टायमाचा पक्का दिसतो. तो जुना गेला ते बरंच झालं!"

मी उठले. ग्लास आपटला, चहा सांडला. वर जाऊन त्या बाईला सगळं सांगायचं होतं, बावीस वर्षं, एकेक सकाळ.

"बस," पप्पा म्हणाले.

"पण पप्पा, त्या..."

"बस म्हटलं ना. मोजू दे."

मी बसले. त्यांचा ग्लास अजून फिरत होता. सहा. सात. मग अर्धा फेरा, आणि तो थांबला. पप्पांनी वर, शेवटच्या घराकडे बघितलं. तिथल्या नळीच्या तोंडाशी बारीकशी धार लागली होती.

"आलं," ते म्हणाले, आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला.